मेघसंगणन आणि शासकीय दप्तर

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

अमेरिकेतील नेवाडा राज्यात लास व्हेगास नावाचे शहर आहे. करमणूक आणि जुगार यांसाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. याच शहरी दरवर्षी हिवाळ्याच्या आरंभी संगणक-व्यवसायातील हजारो मंडळी जमतात, ती मात्र निराळ्या कारणासाठी. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस ही कंपनी २०१२ सालापासून तेथे ‘रीइन्व्हेंट’ नावाची वार्षिक परिषद भरवीत आली असून, ज्या नव्या सेवा ती बाजारात आणू इच्छिते त्यांची घोषणा बहुधा याच व्यासपीठावरून होते. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ही परिषद भरली. कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी मॅट गार्मन यांच्या भाषणापासून अखेरच्या दिवसापर्यंत घोषणांची अक्षरशः रीघ लागली होती.

एका परदेशी कंपनीच्या घोषणांशी मंडल अधिकाऱ्याचा, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा किंवा सरपंचाचा काय संबंध, असा प्रश्न सहजच मनात येईल. प्रश्न रास्त आहे; पण उत्तरही फार दूर शोधावयास नको. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा संगणकावरून मिळू लागला. जन्ममृत्यूच्या नोंदी, शिधापत्रिका, शिष्यवृत्तीचे अर्ज, पगारपत्रके, परीक्षांचे निकाल हे सारे एकामागून एक कागदावरून पडद्यावर गेले. ज्या संगणकावर ही नोंद प्रत्यक्षात साठविलेली असते तो संगणक गावात नसतो, तालुक्याच्या कचेरीत नसतो आणि बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीही नसतो. खिडकीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला जेव्हा “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या” असे सांगण्यात येते, तेव्हा तो सर्व्हर कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि तो का बंद पडला हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. पूर्वी दप्तर हरवले तर जबाबदार कोण हे नावानिशी सांगता येत असे. ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांत मात्र कर्ताच नाही. यास्तव संगणकाच्या या नव्या व्यवस्थेची ओळख आता केवळ तज्ज्ञांवर सोपवून चालण्यासारखे नाही.

प्रथम ‘क्लाऊड’ या शब्दाविषयी. संगणकाच्या जाळ्याचे आराखडे काढताना, ज्या भागाच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही तो भाग ढगाच्या आकृतीने दाखविण्याची अभियंत्यांची जुनी पद्धत होती. तेथून हा शब्द रूढ झाला. मराठीत त्याला मेघसंगणन म्हणतात. शब्द काव्यमय आहे आणि तितकाच फसवाही आहे, कारण आकाशात यातील काहीही नाही. जे आहे ते सर्व जमिनीवर आहे: प्रचंड इमारती, त्यांत रांगांनी उभी केलेली संगणकांची कपाटे, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा, वीज गेल्यास चालू होणारे डिझेलचे जनित्र आणि समुद्रतळावरून आलेल्या तारा. मुंबई परिसर हे आज देशातील डेटा सेंटरांचे सर्वांत मोठे केंद्र आहे. नवी मुंबईतील ऐरोली–महापे पट्ट्यात अशा इमारती उभ्या आहेत, आणि परदेशांशी जोडणाऱ्या समुद्री तारांपैकी अनेक वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात. ज्याला आपण ढग म्हणतो तो असा ठाणे खाडीच्या काठी बसलेला आहे.

व्यवस्थेचे तत्त्व समजण्यास पाणीपुरवठ्याचे उदाहरण पुरेसे आहे. प्रत्येक घरी स्वतःची विहीर, स्वतःचे इंजिन आणि दुरुस्तीसाठी स्वतःचा माणूस ठेवणे ही एक पद्धत; गावाला एकच नळपाणी योजना करून मीटरप्रमाणे पट्टी आकारणे ही दुसरी. संगणकाच्या बाबतीत २००६ पर्यंत बहुतेकांचा कारभार पहिल्या पद्धतीने चालत असे. त्या वर्षी ॲमेझॉनने माहिती साठविण्याची सेवा मार्चमध्ये आणि संगणक भाड्याने देण्याची सेवा ऑगस्टमध्ये सुरू केली. वापराल तेवढ्याचेच पैसे, ही त्यातील मुख्य बाब. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी लाखो विद्यार्थी व पालक एकाच वेळी संकेतस्थळ उघडतात. दुसऱ्या दिवशी तेथे शुकशुकाट असतो. त्या एका दुपारीसाठी वर्षभर शंभर संगणक विकत घेऊन ठेवणे म्हणजे जत्रेच्या गर्दीच्या मापाने घर बांधण्यासारखे आहे. गरजेपुरते वाढवावे आणि गरज संपताच कमी करावे, ही सोय मेघसंगणनाने करून दिली. या एका कारणासाठी त्याचा स्वीकार करणे योग्य होते, आणि तो झालाही.

भारतात मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई येथे आपापली केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनचे हैदराबाद येथील केंद्र २०२२ मध्ये आणि गूगलचे दिल्ली येथील २०२१ मध्ये चालू झाले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘मेघराज’ ही शासकीय मेघसेवा फेब्रुवारी २०१४ पासून कार्यरत आहे. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक मेघसेवेसंबंधी स्वतंत्र धोरण जाहीर केले. जानेवारी २०२५ मध्ये दाव्होस येथे, मुंबई केंद्राच्या विस्तारासाठी २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलर गुंतविण्याचा मनोदय ॲमेझॉनने प्रकट केला. लास व्हेगासच्या घोषणांचा महाराष्ट्राशी संबंध येतो तो असा. तेथे जाहीर झालेल्या सेवा कालांतराने ऐरोलीच्या आसपासच्या यंत्रांतूनच येथील ग्राहकास मिळावयाच्या असतात.

आता घोषणांकडे वळता येईल. त्यांतील पुष्कळशा केवळ मोजमापाच्या आहेत आणि त्यांवर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. ‘ट्रेनियम-३’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते करणारी नवी चिप आली; अशा १४४ चिपा एकत्र जोडलेला संगणक मागच्या पिढीच्या तुलनेत चौपटीहून अधिक काम करू शकतो, असे कंपनी सांगते. ‘ग्रॅव्हिटॉन-५’ या सर्वसाधारण कामाच्या चिपेत १९२ गाभे आहेत. साठवणसेवेत एका वस्तूची कमाल मर्यादा ५ टेराबाइटांवरून ५० टेराबाइटांवर नेण्यात आली; या सेवेत आजमितीस ५०० लाख कोटींहून अधिक वस्तू साठविलेल्या आहेत. वर्षभराचा करार करणाऱ्यास माहितीकोशाच्या दरात ३५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळेल. हे सर्व व्यापाराचे भाग होत.

एक लहानशी घोषणा मात्र शासकीय वाचकाचे लक्ष वेधून घेईल. संगणकावर चालू केलेले एखादे काम मध्येच थांबवून ठेवावयाचे, कोणाची मंजुरी येईपर्यंत ते तसेच राहू द्यावयाचे आणि मंजुरी येताच जेथे थांबले तेथून पुढे चालू करावयाचे, अशी सोय आता करण्यात आली आहे. थांबलेल्या काळाचे संगणकभाडे पडत नाही. कमाल मुदत एक वर्ष. प्रकरणे मंजुरीसाठी किती काळ थांबू शकतात याचा अंदाज सिॲटलच्या अभियंत्यांनाही आला असावा!

याहून महत्त्वाची घोषणा ‘एजंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालींची. हा शब्द ऐकताच आपल्याकडे कचेरीच्या आवारातील मध्यस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. येथील अर्थ निराळा आहे. आतापर्यंत कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देई आणि थांबे. एजंट थांबत नाही. त्याला एखादे उद्दिष्ट सांगितले की ते साध्य करण्यासाठी लागणारी पावले तो स्वतःच ठरवितो, निरनिराळ्या यंत्रणांना आज्ञा देतो आणि तासन्‌तास, प्रसंगी दिवसेंदिवस काम करीत राहतो. परिषदेत असे तीन एजंट सादर करण्यात आले. पहिला संगणकाचे कार्यक्रम लिहितो, दुसरा प्रणालीतील सुरक्षेच्या फटी शोधतो, आणि तिसरा यंत्रणा बंद पडल्यास बिघाडाचे मूळ हुडकून काढतो.

अशा प्रणालीला किती मोकळीक द्यावयाची, हा या विषयाचा गाभा आहे. परिषदेत त्यावर उपाय म्हणून एक नियमावलीची सोय पुढे आली. एजंटाने कोणत्या यंत्रणेस हात लावावा, किती रकमेपर्यंतचा परतावा स्वतःच्या अधिकारात द्यावा, कोणत्या बाबतीत थांबावे, हे साध्या भाषेत लिहून ठेवावयाचे. एजंटाची प्रत्येक कृती घडण्यापूर्वी त्या नियमांवर तपासली जाते, आणि ही तपासणी एजंटाच्या स्वतःच्या हाती नसते. प्रशासनात काम करणाऱ्यांस ही कल्पना मुळीच नवी वाटू नये. वित्तीय अधिकारांचे प्रदान म्हणजे दुसरे काय? गटविकास अधिकाऱ्यास अमुक रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार, त्यापुढे प्रकरण वर पाठवावे, आणि ज्याने खर्च केला त्यानेच लेखापरीक्षण करू नये, या पद्धतीच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. संगणकशास्त्र आज त्याच वाटेने चालले आहे. तेव्हा उद्या एखाद्या खात्यात अर्जांची छाननी अशा प्रणालीकडे सोपविण्याचा प्रस्ताव आला, तर पहिला प्रश्न प्रणाली किती हुशार आहे हा नसावा. नाकारण्याचा अधिकार तिला दिला आहे काय, आणि नाकारलेल्या अर्जदाराने दाद कोणाकडे मागावयाची, हा असावा.

तिसरी घोषणा ‘ए.आय. फॅक्टरी’ची. नाव कारखान्याचे असले तरी तेथे काही माल निघत नाही. ज्या सरकारांना अथवा संस्थांना आपली माहिती बाहेर पाठविणे मान्य नाही, त्यांच्याच इमारतीत कंपनी आपली यंत्रे आणून बसविणार आणि चालविणार. जागा व वीज ग्राहकाने पुरवावयाची, अशी ही योजना आहे. सौदी अरेबियातील ‘ह्युमेन’ ही कंपनी तिच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक होय. येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. वीस वर्षे जगाला सांगण्यात आले की तुमची संगणकाची खोली बंद करा आणि आमच्याकडे या. आता तेच सांगणारे म्हणतात, तुम्ही यावयास नको, आम्हीच तुमच्याकडे येतो. ही माघार नव्हे. नळयोजनेवाल्यानेच परसातील विहीर बांधून देण्याची तयारी दाखविण्यासारखा हा प्रकार आहे. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. माहिती कोणाच्या भूमीवर राहते याला सरकारे आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व देऊ लागली आहेत, आणि ग्राहकाची ही मागणी सर्वांत मोठ्या सेवाप्रदात्यालाही टाळता आलेली नाही.

तथापि केवळ जागा आपली असून भागत नाही. अमेरिकेत २०१८ साली संमत झालेल्या कायद्यान्वये, अमेरिकन कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही साठविलेली असली तरी तेथील यंत्रणांना कायदेशीर आदेशाद्वारे ती मागविता येते. कंपनीला त्यास हरकत घेण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणून इमारत कोणाची यापेक्षा कुलूप कोणाचे, म्हणजे माहितीवर लावलेल्या सांकेतिक लिपीची किल्ली कोणाच्या हाती, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने शासकीय कामासाठी मान्य केलेल्या सेवाप्रदात्यांची यादी केली असून, अशा सेवांतील शासकीय माहिती देशातच ठेवण्याची अट आहे. ती अट आवश्यक आहे. परंतु किल्लीचा प्रश्न प्रत्येक खात्याने आपापल्या करारात स्वतंत्रपणे सोडवावयाचा असतो.

परिषदेच्या व्यासपीठावर दिवे झगमगत होते तरी श्रोत्यांच्या मनातून सहा आठवड्यांपूर्वीची एक घटना गेली नसणार. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे आपल्याकडे नरक चतुर्दशीच्या दिवशी, भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाबाराच्या सुमारास अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथील ॲमेझॉनच्या केंद्रात बिघाड झाला. हे केंद्र कंपनीचे सर्वांत जुने. पाहता पाहता स्नॅपचॅट, सिग्नल यांसारख्या संदेशसेवा, खेळ, ब्रिटनमधील लॉइड्स बँक आणि ब्रिटिश सरकारच्या महसूल खात्याचे संकेतस्थळ यांना त्याची झळ लागली. पूर्ववत स्थिती येण्यास सुमारे पंधरा तास लागले.

कारण काय होते? आग नव्हती, पूर नव्हता, शत्रूचा हल्लाही नव्हता. संगणकाच्या जाळ्यात प्रत्येक सेवेचे नाव आणि तिचा पत्ता यांची एक नोंदवही असते. नाव सांगितले की ती पत्ता देते. ही वही अद्ययावत ठेवण्याचे काम त्या केंद्रात स्वयंचलित कारकुनांकडे होते असे समजावे. एकाने चूक केली तर दुसरा सावरील, या हेतूने ते एकाहून अधिक नेमलेले होते. त्या दिवशी एक कारकून काही कारणाने मागे पडला. दरम्यान दुसऱ्याने नवे पत्ते लिहून टाकले आणि जुने कागद रद्द करण्यास सुरुवात केली. नेमक्या त्याच क्षणी मागे पडलेल्याने आपल्या हातातील जुनाच कागद नव्यावर चिकटविला. आणि साफसफाई करणाऱ्याने तो जुना म्हणून फाडून टाकला. वहीतील ते पान कोरे झाले. माहितीकोशाची एक अत्यंत महत्त्वाची सेवा जागेवर धडधाकट उभी होती, पण तिचा पत्ता कोणालाच सापडेना. त्या सेवेवर अवलंबून असलेल्या इतर सेवा एकामागून एक ठप्प झाल्या, आणि कोरे पान भरण्यास शेवटी माणसांनाच हात घालावा लागला.

मुंबईचे केंद्र वेगळे, व्हर्जिनियाचे वेगळे. एका केंद्राचे काम दुसऱ्यावर अवलंबून नसावे अशीच रचना आहे. प्रत्येक केंद्र एकमेकांपासून काही किलोमीटर अंतरावरील किमान तीन स्वतंत्र इमारती-समूहांचे मिळून बनलेले असते, जेणेकरून एका ठिकाणची वीज गेली तर दुसरे चालू राहावे. परंतु ही काळजी आग, पूर आणि वीज यांच्यापुरती उपयोगी पडते. नोंदवहीतील कोऱ्या पानापुढे तीन इमारतींचा काही इलाज चालला नाही. परिषद सुरू होण्याच्या बेतात, ३० नोव्हेंबर रोजी, ॲमेझॉन व गूगल या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपापल्या जाळ्यांना थेट जोडणारी संयुक्त सेवा जाहीर केली आणि मायक्रोसॉफ्टचे जाळे २०२६ मध्ये त्यात यावयाचे असल्याचे सांगितले. सर्व अंडी एका टोपलीत ठेवू इच्छिणारा ग्राहक आता उरला नाही, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

हे ऐकून कोणी म्हणेल की मग जुनीच पद्धत बरी. शासनाची यंत्रे शासनाच्या इमारतीत असावीत. या मताला दक्षिण कोरियाने सप्टेंबर २०२५ मध्ये जे उत्तर दिले ते प्रत्येक खातेप्रमुखाने वाचण्यासारखे आहे. देजॉन शहरी त्या सरकारचे राष्ट्रीय संगणक केंद्र आहे. ते खासगी नाही; इमारत सरकारी, माणसे सरकारी, यंत्रेही सरकारी. २६ सप्टेंबर रोजी तेथे वीज गेल्यास उपयोगी पडणाऱ्या लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता एका बॅटरीने पेट घेतला. आग विझण्यास जवळजवळ एक अहोरात्र लागले. शासनाच्या सहाशेहून अधिक सेवा एकदम बंद झाल्या. टपाल, ओळखपत्र, तक्रारनिवारण, अर्ज, सर्व काही. त्यांपैकी ९६ यंत्रणा प्रत्यक्ष आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या.

सेवा हळूहळू पुन्हा सुरू झाल्या. पण एक गोष्ट परत आली नाही. ‘जी-ड्राइव्ह’ नावाची एक शासकीय साठवणसेवा होती. सरकारी नोकरांनी कामाचे कागद आपापल्या संगणकावर न ठेवता तेथेच ठेवावेत, असे धोरण २०१८ पासून होते. प्रत्येकास ३० गिगाबाइट जागा दिलेली होती. सुमारे सव्वा लाख कर्मचारी ती वापरीत होते. एकूण ८५८ टेराबाइट माहिती तीत साठली होती. ती सर्व जळाली, आणि तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. साठा फार मोठा असल्याने बाहेर प्रत ठेवण्याची व्यवस्था केलेली नव्हती, असा खुलासा करण्यात आला. सर्वांत अधिक हानी झाली ती शासकीय सेवकांचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयाची, कारण नियमाचे सर्वांत काटेकोर पालन तेथेच झाले होते. ज्यांनी आज्ञा मानून आपल्या टेबलावरील संगणक रिकामे ठेवले, त्यांचे काम गेले. आणि ज्यांनी शिस्त मोडून एक प्रत जवळ ठेवली, त्यांचे वाचले. एखाद्या प्रशासनावर यापेक्षा मोठी टीका काय असू शकते?

याच्या शेजारी मे २०२४ मधील ऑस्ट्रेलियाचे उदाहरण ठेवावे. ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीचे सहा लाखांहून अधिक सभासद आहेत. त्याचा सारा कारभार गूगलच्या मेघसेवेवर होता. गूगलच्या कर्मचाऱ्यांनी पूर्वी ही सेवा उभारताना एका यंत्रणेतील एक रकाना कोरा सोडला होता. कोऱ्या रकान्याचा अर्थ यंत्रणेने असा लावला की सेवेची मुदत एक वर्षाची आहे. वर्ष भरताच तिने सगळे आपोआप पुसून टाकले. दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या होत्या, पण त्या दोन्ही एकाच खात्याखाली असल्याने दोन्ही गेल्या. आठवडाभर सभासदांना आपली शिल्लकही पाहता येईना. तरीही निधी वाचला, कारण स्वतंत्रपणे ठेवलेल्या प्रती होत्या, आणि त्यांतील काही दुसऱ्याच सेवाप्रदात्याकडे ठेवण्याची दूरदृष्टी व्यवस्थापनाने दाखविली होती. कोरियात यंत्रे स्वतःची होती, ऑस्ट्रेलियात भाड्याची. दोन्हीकडे अपघात झाला. पण कोरियाचे कागद कायमचे गेले आणि ऑस्ट्रेलियाचे परत आले. फरक खासगी आणि सरकारी असा नव्हता.

पुणे पुरालेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. दोनशे वर्षांपूर्वीचा कागद आजही सोडून वाचता येतो, यामागे कागदाच्या टिकाऊपणापेक्षा पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसांचा वाटा मोठा आहे. संगणकावरील नोंदीची राखण अधिक कठीण आहे, कारण तिचा रुमाल सुटला आहे हे वरून पाहून कळत नाही. नोंदीची दुसरी प्रत आहे असे कागदोपत्री असते. ती उघडून पाहिलेली नसते. आपल्या कार्यालयांत सर्वाधिक ढिलाई याच एका बाबतीत आहे, असे म्हणावे लागते. वर्षातून किमान एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून, त्यातून एखादा सातबारा, एखादे पगारपत्रक, एखादा जन्मदाखला प्रत्यक्ष काढून पाहावयास हवा. पंचायतीच्या पातळीवरही हे अशक्य नाही. कर आकारणीची नोंदवही महिन्याच्या शेवटी छापून सहीशिक्क्यानिशी ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. आणि ती ज्या खोलीत संगणक आहे त्याच खोलीत ठेवू नये, इतके पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले. शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीचे महत्त्व कोणत्याही मुख्याध्यापकास सांगण्याची गरज नाही. वीस वर्षांनी दाखला मागण्यास येणारा माजी विद्यार्थी ती सांगतो.

सेवा बंद असतानाच्या काळाचाही विचार आधी व्हावयास हवा. कोरियात नागरिकांना कामासाठी कार्यालयांत हेलपाटे घालावे लागले आणि ठिकठिकाणी हाती लिहून कामे करावी लागली. यंत्रणा चार तास बंद असेल तर अर्ज कोणत्या नमुन्यात घ्यावयाचा, पोच कोणी द्यावयाची, आणि मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर ती कोणाच्या अधिकारात वाढवावयाची, हे लिहून ठेवलेले असले तर खिडकीवरील कर्मचाऱ्यास “उद्या या” म्हणण्याची वेळ येत नाही. शेवटच्या दिवशी अर्ज भरू न शकलेल्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बुडते, आणि व्हर्जिनियातील कोऱ्या पानाची भरपाई त्याला कोणी देत नाही. सेवाप्रदात्याच्या करारातील भरपाई बहुधा पुढील बिलातील सवलतीच्या रूपाने मिळते, आणि ती खात्याला मिळते.

निविदा काढताना बाहेर पडण्याची वाट आधीच आखून घ्यावी लागते. माहिती आत नेण्यास सहसा शुल्क नसते. बाहेर काढताना मात्र मीटर फिरतो. गूगलने जानेवारी २०२४ मध्ये आणि ॲमेझॉनने मार्च २०२४ मध्ये, सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे शुल्क माफ केले. युरोपीय संघाचा माहितीविषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून जानेवारी २०२७ पासून तेथे सेवा बदलण्याबद्दल शुल्क आकारता येणार नाही. शुल्क गेले तरी अडचण संपत नाही. एकाच सेवाप्रदात्याच्या खास पद्धतीने रचलेली प्रणाली दुसरीकडे नेणे म्हणजे घराचे सामान हलविणे नव्हे, घरच हलविणे होय. म्हणून माहिती कोणत्या प्रमाणित स्वरूपात, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने परत मिळेल, हे कलम करारात पहिल्याच दिवशी असावे. शेवटच्या दिवशी ते कोणी घालू देत नाही.

नागरिकांची वैयक्तिक माहिती ज्यांच्या हाती आहे त्यांच्यावर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने काही कर्तव्ये टाकली आहेत, आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती कोणाच्याही यंत्रावर ठेवलेली असली तरी, ती ज्याच्या कामासाठी गोळा केली त्याची जबाबदारी संपत नाही, हे त्या अधिनियमाचे सूत्र आहे. बँकेच्या लॉकरसारखेच हे आहे. भिंत आणि पहारा बँकेचा, पण किल्ली उघड्यावर टाकली तर दोष ठेवणाऱ्याचा. माहिती फुटल्यास संबंधित नागरिकांस व मंडळास कळविणे बंधनकारक राहील. नियमांतील बहुतांश कर्तव्ये अंमलात येण्यास अधिसूचनेपासून अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. आज तीन वा पाच वर्षांसाठी केले जाणारे मेघसेवेचे करार या तारखेच्या पलीकडे जातात. त्यामुळे ज्या करारांत माहिती फुटल्याची सूचना किती तासांत द्यावयाची याचा उल्लेख नाही, ते मुदत येण्यापूर्वीच पुन्हा उघडून त्यात ते कलम घालून घ्यावे लागेल.